विश्लेषण : कर्जाच्या लगामाने महासत्तेचे युद्ध रोखता येते का?

महासत्तेने युद्ध छेडले तर तिला रोखायचे कुणी? सुरक्षा परिषदेत तिच्याकडे नकाराधिकार असतो आणि रणांगणात तिच्या तोडीचे कुणी नसते. त्यामुळे एक उपाय वारंवार सुचवला जातो : तिचे कर्ज आणि तिचे चलन यांनाच हात घालायचा. अमेरिकेच्या सरकारी कर्जाने ३६ लाख कोटी डॉलरचा टप्पा केव्हाच ओलांडला आहे. त्यातील साधारण पाव हिस्सा परदेशी सरकारे, बँका आणि गुंतवणूकदारांकडे आहे. त्यांनी हे रोखे विकायला काढले तर अमेरिकेच्या तोफा थंडावतील का? असे इतिहासात एकदा घडले आहे. मात्र तेव्हा लगाम खेचणारी अमेरिका होती आणि थांबला होता ब्रिटन.

सुएझमध्ये काय घडले?

इजिप्तचे अध्यक्ष गमाल अब्देल नासर यांनी २६ जुलै १९५६ रोजी सुएझ कालवा कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरअखेर आधी इस्रायलने आणि मग ब्रिटन-फ्रान्सने इजिप्तवर हल्ला चढवला. युद्ध थांबवण्याचा सुरक्षा परिषदेतील ठराव या दोघांनी नकाराधिकार वापरून हाणून पाडला.

जे संयुक्त राष्ट्रांना जमले नाही ते पौंडाने केले. तेव्हा एका पौंडाचा दर २.८० डॉलर असा ठरलेला होता आणि तो टिकवण्यासाठी ब्रिटनला आपल्या गंगाजळीतील डॉलर खर्च करावे लागत. युद्ध सुरू होताच पौंडाची विक्री वाढली. एकट्या नोव्हेंबरमध्ये गंगाजळी सुमारे २८ कोटी डॉलरने घटली. ब्रिटनने मदतीसाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे पाहिले, पण तिथे सर्वाधिक वजन अमेरिकेचे. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांचा निरोप स्पष्ट होता : आधी सैन्य मागे घ्या, मग पैशांचे बोलू. कालवा बंद पडल्याने तेलाचीही टंचाई होती.

सुरुवातीला युद्धाचे जोरदार समर्थन करणारे ब्रिटिश अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन हेच मग माघारीचा आग्रह धरू लागले. ६ नोव्हेंबरला शस्त्रसंधी झाली. माघारीची हमी मिळाल्यावर १० डिसेंबरला नाणेनिधीने १३० कोटी डॉलरची मदत मंजूर केली. जानेवारीत पंतप्रधान अँथनी ईडन यांनी पद सोडले.

हा दबाव यशस्वी का ठरला?

याची तीन कारणे होती. पहिले म्हणजे, ब्रिटनला जे चलन हवे होते ते त्याला छापता येत नव्हते. दुसरे, पौंड कोसळला असता तरी अमेरिकेचे फारसे बिघडणार नव्हते. तिसरे, ब्रिटनला दुसरा सावकार नव्हता. फ्रान्सने नाणेनिधीकडून मदतीची तजवीज ऑक्टोबरमध्येच करून ठेवली होती. त्यामुळे त्याला ही झळ तितकी बसली नाही. पण एकट्याने लढणे त्यालाही शक्य नव्हते.

अमेरिकेवर असा दबाव कधी आला?

व्हिएतनाम युद्धाच्या काळात आला. परदेशी मध्यवर्ती बँकांना ३५ डॉलरच्या बदल्यात एक औंस सोने देण्याचे वचन अमेरिकेने दिले होते. युद्धखर्चासोबत जगात डॉलर वाढत गेले आणि फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी डॉलरऐवजी सोने मागायला सुरुवात केली. मार्च १९६८ मध्ये सोन्यासाठी एवढी झुंबड उडाली की लंडनचा सोनेबाजार बंद ठेवावा लागला. लष्कराला आणखी दोन लाखांवर सैनिक हवे होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ही मागणी मान्य केली नाही. देशातील विरोध आणि रणांगणातील स्थिती यांच्याबरोबर डॉलरची चिंता हेही त्यामागचे एक कारण होते.

पण १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणेच थांबवले. लगामच तोडला गेला. व्हिएतनाममधील अमेरिकेचे युद्ध पुढे जानेवारी १९७३ पर्यंत चालले.

मग चीन, जपान आज रोखे का विकत नाहीत?

अमेरिकेचे कर्ज तिच्याच चलनात आहे आणि ते चलन तिला छापता येते. जपानकडे एक लाख कोटी डॉलरहून अधिक किमतीचे अमेरिकी रोखे आहेत. ते घाईने विकायला काढले तर भाव पडून नुकसान जपानचेच होईल, शिवाय येन महागून निर्यातीला फटका बसेल. कर्जदार एवढा मोठा आहे की त्याला बुडवू पाहणारा सावकारही सोबत बुडेल.

इराक युद्धाच्या काळात तर उलटेच घडले. त्या वर्षांत चीनकडील अमेरिकी रोखे वाढतच गेले. म्हणजे रोखण्याची ताकद असल्याचे मानले जाणारा देशच एका अर्थाने खर्चाची सोय करत होता. अमेरिकेचे माजी अर्थमंत्री हेन्री पॉलसन यांनी आत्मकथनात लिहिले आहे की, २००८ मध्ये रशियाने चीनला अमेरिकी गृहकर्ज कंपन्यांचे रोखे मिळून विकण्याची गळ घातली होती, पण चीनने नकार दिला. रशियाने हा दावा फेटाळला.

उलट बाजूने पाहिले तर २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली. तरीही युक्रेन युद्ध थांबले नाही. रशियाकडे तेल होते आणि ते घेणारे ग्राहकही होते.

मग लगाम उरलाच नाही का?

उरला आहे, पण त्याची दोरी कुणा एका देशाच्या हाती नाही. एप्रिल २०२५ मध्ये आयात शुल्काच्या घोषणेनंतर अमेरिकी रोख्यांची विक्री होऊन व्याजदर चढले. आठवड्याभरात ट्रम्प यांनी बहुतेक देशांवरील वाढीव शुल्क ९० दिवस स्थगित केले. रोखेबाजारातील अस्वस्थतेचा उल्लेख त्यांनी स्वतःच केला. तो प्रश्न युद्धाचा नव्हता, पण बाजार कुठे दुखवू शकतो हे त्यातून दिसले. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेचा व्याजावरील खर्च संरक्षण खर्चाच्याही पुढे गेला. जगाच्या गंगाजळीतील डॉलरचा वाटा शतकाच्या सुरुवातीला ७० टक्क्यांच्या आसपास होता, तो आता ६० टक्क्यांखाली आला आहे. ही घसरण संथ आहे. उद्याचे युद्ध तिने थांबणार नाही, मात्र लांबलेले युद्ध महाग नक्की होईल.

भारताचा संबंध काय?

भारताची सुमारे ७०० अब्ज डॉलरची गंगाजळीही मोठ्या प्रमाणात डॉलरमध्ये आहे. डॉलर कोसळला तर त्याची झळ आपल्यालाही बसेल. रिझर्व्ह बँक सोन्याचा साठा वाढवत आहे आणि परदेशात ठेवलेले काही सोने तिने मायदेशी आणले आहे. ही सावधगिरी आहे, तिला शस्त्र समजण्याचे कारण नाही.

सुएझची आठवण काढताना आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ब्रिटनचा लगाम खेचला जात होता त्याच आठवड्यात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि तिथे खेचायला कोणतीच दोरी नव्हती. ज्या अमेरिकेने ब्रिटनला थांबवले, तीच दहा वर्षांत व्हिएतनाममध्ये खोल रुतली. सावकार युद्ध रोखतो ते त्याच्या हिताचे असेल तेव्हाच. युद्धाचा खर्च कर्जावर न ढकलता करातून उभा करा, असे ठणकावण्याचा अधिकार त्या देशाच्या संसदेला आणि करदात्यांना आहे. तो त्यांनी वापरला नाही, तर परक्या सावकाराकडून शांततेची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.