बधिर हात आणि बोलके हातमोजे

मिश्र वास्तवाचा चष्मा लावला की नसलेली वस्तूही समोर दिसते, पण धरायला जावं तर हात हवेतून आरपार! म्हणून आता स्पर्श 'देणारे' हातमोजे बनताहेत. बोटांशी बारीक मोटारी थरथरतात आणि मेंदूला वाटतं, काहीतरी हाताला लागलं. छानच आहे. पण याची खरी गरज कोणाला आहे?

आमच्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडत नाहीत. नसा बधिर होतात, गरम भांडं कळत नाही, जखमेवर जखम होत जाते आणि मग बोटं जातात. वेल्लोरला हे दाखवून देणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी पुढे अमेरिकेत अशा हातांसाठी दाब ओळखणारे हातमोजे करून पाहिले. जोर जास्त झाला की आवाज, नाहीतर विजेचा झटका. सेन्सर महाग होते, टिकतही नव्हते. पण खरी अडचण निराळीच... झटका नकोसा झाला की माणसं यंत्रच बंद करत आणि काम उरकून घेत!

आज सेन्सर लहान आणि स्वस्त झालेत. ही दुसरी अडचण मात्र तशीच आहे. हवा तेव्हा बंद करता येतो तो इशारा, स्पर्श नव्हे. म्हणून मला वाटतं, या हातमोज्यांची परीक्षा खेळात घेऊच नये. बधिर हातांच्या माणसाला रोजच्या कामासाठी तो द्यावा, आणि महिन्याभरानंतरही तो आपणहून घालतो का, ते बघावं.

तिथे पास, तर सगळीकडे पास.