चौघांत नवा गडी

इचलकरंजीच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला कोल्हापुरात मामूंकडे आला. तिथले मामेभाऊ रोज संध्याकाळी मोबाइलवर ‘बीजीएमआय’ खेळतात. यालाही चौथा गडी म्हणून घेतले आणि तिसऱ्याच दिवशी ‘तुझ्यामुळं हरतोय आम्ही’ म्हणून बाहेर काढले. पोरगे रात्री जेवले नाही. त्या विचारतात, खेळ सुटला म्हणून समाधान मानू, की कुणीतरी त्याला नीट शिकवा म्हणून भावाला सांगू?

आमचे मत विचाराल तर शिकवा. खेळ सुटण्याचे आम्हालाही दुःख नाही. पण आपल्याच माणसांनी नालायक ठरवले ही गोष्ट पोराच्या मनात राहते.

ज्या घरांत हा खेळ पोहोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २०२० मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये त्याच खेळाचा हा भारतीय अवतार निघाला; मधे दहाएक महिने तोही बंद होता, मे २०२३ मध्ये परतला. मोठ्या नकाशावर १०० खेळाडू विमानातून उड्या टाकतात, चौघाचौघांचे संघ. खाली उतरून हत्यारे शोधायची, हळूहळू आवळत जाणाऱ्या वर्तुळात राहायचे, शेवटी उरेल तो संघ जिंकला.

त्या मुलाशी आम्ही फोनवर बोललो. तो काय करत होता? उडी वेगळीकडे, घरे एकट्याने धुंडाळायची आणि शत्रू दिसला की लगेच गोळीबार. साथीदार तोवर अर्धा किलोमीटर लांब. निशाणा त्याचा वाईट नाही, तो चुकतो तो इथे. कोल्हापूरकराला हे जास्त समजावायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असताना एखादा गडी एकटाच चेंडू घेऊन पळाला की गॅलरीतून काय काय ऐकू येते, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहे.

तर बाळा, पहिले चार दिवस मोठ्या नकाशाकडे जाऊच नकोस. आधी ट्रेनिंग ग्राउंडवर बटणे हाताखाली बसव. मग ‘टीम डेथमॅच’ खेळ. चार विरुद्ध चार, गोदामासारखी लहानशी जागा, आधी ४० बळी घेणारा संघ जिंकतो. इथे मेलास तरी काही क्षणांत परत उभा राहतोस, त्यामुळे चुका स्वस्त पडतात. रोज नवी बंदूक धरू नकोस. एम-४१६ घे आणि तीच वापर. इअरफोन लाव, कारण पावले आणि गोळ्या कुठून येतात हे कानाला आधी कळते. त्यानंतर ‘लिविक’ हा लहान नकाशा आहे, ५२ खेळाडूंचा. तिथे हात बसला की मग शंभर जणांत जा.

संघात उतरताना ‘फॉलो’ दाबून म्होरक्याच्या मागे उडी घे. चौघांनी एकाच घरात शिरायचे नाही, पण हाक मारली तर पोहोचता येईल अशा शेजारच्या घरांत राहायचे. बोलणे थोडके आणि नेमके हवे. ‘अरे तिकडं, तिकडं बघ!’ याचा कुणालाच उपयोग नसतो. पडद्यावर वरती दिशेचे आकडे असतात. ‘१२० वर दोघं, झाडामागं’ एवढे म्हटले की साथीदाराची नजर तिथे जाते. गोळी लागून खाली पडलास तर ओरडत बसू नकोस, गोळी कुठून आली ते सांग. आणि दुसरा पडला तर धावत सुटू नकोस. आधी धूर सोड, मग त्याला उठव. उठवायला लागणारी ती दहाएक सेकंदे उघड्यावर फार लांब वाटतात. नव्याने धुराचे डबे आणि मलमपट्टी जास्त बाळगावी. पहिली गोळी म्होरक्याला झाडू द्यावी, आपण त्याच निशाण्यावर दुसरी. एवढे केलेस तर बळी एकही न घेता तू उपयोगाचा गडी आहेस.

आता थोडे घरच्यांसाठी. हा खेळ मधे थांबवता येत नाही, आणि मोठ्या नकाशावर अर्धा तास सहज जातो. ‘दूध घेऊन ये’ म्हटल्यावर पोरगे उठत नाही ते दरवेळी उद्धटपणानेच असे नाही. तिघे त्याच्यावर विसंबून असतात. म्हणून घड्याळ सुरू करण्याआधी बघायचे. मगरिबला वीस मिनिटे असतील तर मॅच लावायचीच नाही. अब्बांचा फोन घेतला असेल तर त्यांना कुणाचा फोन येणार आहे का, तेही विचारायचे. अठरा वर्षांखालच्यांना खेळातच दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. आम्हाला तेही जास्त वाटतात. दोन मॅच पुरेत.

माइक फक्त ओळखीच्या चौघांत उघडा ठेवावा. आमचा भाचा एकदा अनोळखी तिघांबरोबर खेळत होता आणि मागे त्याची अम्मी नि दादी त्याच्या आपाच्या स्थळाची चर्चा करत होत्या. मुलाचा पगार, घराचे भाडे, सगळे. तेवढ्यात फोनमधून कुणीसा म्हणाला, ‘दादी, पोरगा चांगला वाटतोय, हो म्हणा.’ हसू आले, पण त्या दिवसापासून माइकची शिस्त लागली. शिव्या देणाऱ्याचा आवाज बंद करायची सोय खेळातच आहे. मुलाला ती आधी दाखवा.

पैशाचे म्हणाल तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी आली. हा खेळ त्यात येत नाही, पण कपडे आणि बंदुकीचे रंग विकत घ्यायची ओढ इथेही लावतात. रंगीत बंदुकीची गोळी जास्त लागत नाही.

भगिनींनी भावाशी बोलावे, पण चौथी जागा मागू नये. थोरल्या मामेभावाने दोन संध्याकाळी या पोराला घेऊन फक्त गोदामात खेळावे, एवढेच मागावे. तो चिडला तर ‘पहिल्या आठवड्यात तू कितीदा मेला होतास’ हे सगळ्यांसमोर विचारावे. आमच्या भाच्याला विचारले तेव्हा तो उठून पाणी प्यायला गेला.