डॅल्ग्लिशला आयतं काय मिळालं?

केनी डॅल्ग्लिश खेळाडू म्हणून थोर होता, याबद्दल वाद नाही. ग्लासगोच्या या मुलाने सेल्टिककडून चार वेळा स्कॉटिश लीग जिंकली, १९७७मध्ये लिव्हरपूलला येऊन तीन युरोपियन कप जिंकले आणि स्कॉटलंडकडून विक्रमी १०२ सामने खेळले. वाद आहे तो मॅनेजर डॅल्ग्लिशबद्दल. लिव्हरपूलमध्ये तो आयत्या बिळावरचा नागोबा होता आणि ब्लॅकबर्नमध्ये मालक जॅक वॉकरच्या पैशाने त्याने विजेतेपद विकत घेतलं, असं म्हणणारे इंग्लंडमध्ये आहेत. रात्र जागवून प्रीमियर लीग पाहणाऱ्या आपल्या मंडळींतही आहेत. हे आक्षेप चटकन पटतात, म्हणूनच ते तपासून पाहायला हवेत.

पहिल्या आक्षेपाला आधार अजिबात नाही असं नाही. आधीचे मॅनेजर शँक्ली, पेस्ली आणि फॅगन यांनी घडवलेला क्लब त्याच्या हाती आला. बूट रूममधले, म्हणजे प्रशिक्षकांच्या चमूतले, रॉनी मोरन आणि रॉय इव्हान्स जागेवरच होते, पेस्ली सल्लागार म्हणून पाठीशी होता. पण ते ‘आयतं बीळ’ त्या दिवशी कसं होतं? २९ मे १९८५ला हेझलच्या मैदानावर ३९ माणसं मेली, बहुतेक युव्हेंटसचे पाठीराखे. दुसऱ्याच दिवशी चौतीस वर्षांचा, अजून स्वतः खेळणारा आणि संघ चालवण्याचा कसलाही अनुभव नसलेला डॅल्ग्लिश मॅनेजर म्हणून जाहीर झाला. इंग्लिश क्लबांना युरोपचे दरवाजे बंद झाले. लिव्हरपूलच्या नावाला काळिमा लागला होता. आणि संघ विजेता तरी होता का? नुकतीच संपलेली लीग एव्हर्टनने तेरा गुणांच्या फरकाने जिंकली होती. मधल्या फळीचा कणा असलेला सूनस वर्षापूर्वीच इटलीला गेला होता.

त्याने फिल नीलऐवजी हॅन्सनला कर्णधार केलं, स्टीव्ह मॅकमहनला आणलं. नील आणि अ‍ॅलन केनेडी हे जुने बचावपटू काही महिन्यांतच क्लबबाहेर पडले. ३ मे १९८६ला चेल्सीच्या मैदानावर छातीवर चेंडू घेऊन त्याने स्वतःच गोल मारला आणि लीग परत आणली. आठवड्याभराने एव्हर्टनला ३-१ हरवून एफए कपही. एकाच हंगामात हे दोन्ही त्या क्लबने त्याआधी कधीच जिंकले नव्हते; शँक्लीच्या काळात नाही, पेस्लीच्याही नाही.

माझ्या मते खरा पुरावा मात्र १९८७चा आहे. इयन रश युव्हेंटसला गेला. वारसा नुसता सांभाळणारा माणूस असता तर त्याने दुसरा रश शोधला असता. डॅल्ग्लिशने संघाचा खेळच बदलला. ऑक्सफर्डहून ऑल्ड्रिज आधीच आला होता. आता वॉटफर्डहून जॉन बार्न्स, न्यूकॅसलहून पीटर बियर्डस्ली आणि हंगाम सुरू झाल्यावर रे हॉटन आले. बार्न्स डावीकडून बचाव फोडायचा, बियर्डस्ली पुढच्या दोन फळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत शिरायचा. ही जागा डॅल्ग्लिशची स्वतःची. तिथे उभं राहून त्याने अख्खी कारकीर्द काढली होती, तिथे कोण शोभेल हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो संघ पहिले २९ सामने हरला नाही. चाळीसपैकी फक्त दोन पराभव, ९० गुण. हा संघ पेस्लीचा नव्हता, फॅगनचा नव्हता. तो डॅल्ग्लिशचा होता.

याच आक्षेपाला जोडून आणखी एक बोललं जातं: संघ म्हातारा होताना पाहून तो १९९१मध्ये पळाला. संघ थकत चालला होता, हे खरं. शेवटच्या महिन्यांतली त्याची खेळाडूंची खरेदीही जेमतेम होती. पण पळाला? १५ एप्रिल १९८९ला हिल्सबरोत लिव्हरपूलच्या पाठीराख्यांची चेंगराचेंगरी झाली. मृतांचा आकडा अखेर ९७वर गेला. पोलिसांनी आणि एका खपाऊ वर्तमानपत्राने दोष पाठीराख्यांवरच ढकलला. त्या शहराच्या शोकात डॅल्ग्लिश आणि त्याची पत्नी मरीना घरच्यासारखे उभे राहिले. तो अंत्ययात्रांना जात राहिला, एका दिवशी तर चार. मैदानातल्या मृत्यूचं हे त्याने पाहिलेलं तिसरं तांडव होतं. १९७१मध्ये आयब्रॉक्सला ६६ माणसं चिरडली गेली तेव्हाही तो तिथे होता. फेब्रुवारी १९९१मध्ये एव्हर्टनविरुद्ध चार वेळा आघाडी घेऊन सामना ४-४ सुटला. काय बदल करायला हवा हे दिसत असूनही आपल्याला निर्णय घेता येईना, असं त्याने पुढे सांगितलं. दोन दिवसांनी त्याने राजीनामा दिला, संघ लीगमध्ये पहिल्या स्थानावर असताना. याला पळणं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. पाठीराख्यांचा दोष नव्हता, हे न्यायालयीन चौकशीतल्या ज्यूरीने २०१६मध्ये सांगितलं. डॅल्ग्लिशने ते पहिल्या दिवसापासून धरून ठेवलं होतं.

त्याची बाजू घेताना झाकाझाक करायची नाही. पुढे न्यूकॅसलचा मॅनेजर असताना दुसऱ्या हंगामात संघ तेरावा आला, आणि तो उभारणीचा प्रयत्न फसला हे मान्य करायला हवं. लिव्हरपूलमधल्या मॅनेजर म्हणून दुसऱ्या डावात लीग कप मिळाला, पण लीगमध्ये आठवा क्रमांक. आणि सुआरेझ प्रकरणात तो चुकला. वर्णद्वेषी शब्दांबद्दल आठ सामन्यांची बंदी झालेल्या खेळाडूच्या पाठिंब्याचे टी-शर्ट घालून संघ सरावाला उतरला. केळी भिरकावणाऱ्या प्रेक्षकांपुढे बार्न्सला खेळवणाऱ्या माणसाने हे होऊ द्यायला नको होतं.

राहिला पैशाचा आक्षेप. वॉकरची पोलादातली संपत्ती नसती तर आघाडीचा खेळाडू शिअरर ब्लॅकबर्नला आला नसता, हे उघड आहे. पण ब्लॅकबर्न जिंकलं त्याच १९९४-९५च्या हंगामात मँचेस्टर युनायटेडने अँडी कोलसाठी सुमारे ७० लाख पौंडांचा सौदा केला, तेव्हा विकतच्या यशाची ओरड कुणी केली? १९९१च्या ऑक्टोबरात डॅल्ग्लिश आला तेव्हा ब्लॅकबर्न दुसऱ्या श्रेणीत होतं. पहिल्याच मोसमात प्लेऑफमधून वर, मग चौथं, मग दुसरं, मग ८९ गुणांनी पहिलं, युनायटेडपेक्षा एक जास्त. १९१४नंतरचं पहिलं विजेतेपद. कर्णधार शेरवुड, बचावातले हेंड्री आणि बर्ग हे काही तिजोरी फोडून आणलेले खेळाडू नव्हते.

त्यानंतर डॅल्ग्लिश फुटबॉल संचालक होऊन वरच्या खुर्चीत गेला आणि रे हार्फर्डने संघ हाती घेतला. वॉकर होता, त्याचा पैसा होता, शिअरर होता आणि त्याने लीगमध्ये ३१ गोलही मारले. ब्लॅकबर्न सातवं आलं. १९९९मध्ये, वॉकर हयात असतानाच, ते खालच्या श्रेणीत गेलं. लिव्हरपूलला पुढची लीग १९९०नंतर थेट २०२०मध्ये मिळाली.