टाकाऊ कोण म्हणालं?

शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला आणि शहरी छंदवर्गांना एक घोषवाक्य फार प्रिय आहे: ‘टाकाऊपासून टिकाऊ’. माझा आक्षेप त्यातल्या पहिल्याच शब्दाला आहे. बीड जिल्ह्यातल्या कष्टकरी घरात कापड टाकाऊ झालं कधी? लुगडं विरलं की त्याचं धडपं, धडप्याचं बाळाला दुपटं, उरलेले तुकडे गोधडीत. जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते आणि अगदीच चिंधी उरली तर पोतेरं होतं. दिवाळीच्या सुमारास धारूर, पाटोदा, शिरूर कासारकडचे ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जायला निघतात, तेव्हा भांड्याकुंड्यांसोबत हीच अंथरुणं असतात. उसाच्या फडाजवळच्या कोपीत थंडी तीच अडवतात. त्यांना टाकाऊ म्हणायला अंगावर दुसरं पांघरूण असावं लागतं.

पण गोधडीचे नुसते गोडवे गाणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. सुती लुगडी गेली, सिंथेटिक साड्या आल्या. हे कापड सुईखाली सरकतं, घाम टिपत नाही. आजीची ऊब त्यातून शिवून निघत नाही. मग त्या साड्यांचं करायचं काय? विणायचं.

त्याला माग लागत नाही. जाड पुठ्ठ्याच्या वरच्या-खालच्या कडेला बोटभर अंतरावर खाचा पाडायच्या, त्यांतून सुतळी ताणून घ्यायची. हा ताणा. साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या म्हणजे बाणा. पट्टी एका सुतळीवरून, पुढचीखालून. परतताना उलट. पट्टी खेचायची नाही, थोडी सैल, कमानीसारखी ठेवून खाली दाबायची. नवखा माणूस हटकून खेचतो आणि आसनाची कंबर आवळली जाते. चूक डोळ्यांना दिसते, उसवून सुधारता येते. शिकण्याला आणखी काय हवं?

1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. तिचा गाभा हाच होता की हात चालतो तेव्हा डोकंही चालतं. आपण तिचं काय केलं? आठवड्याचा एक तास, त्यात आयत्या रंगीत कागदाची फुलं, प्रदर्शनापुरती. गेवराई-माजलगावच्या पोरांनी कापसाचं बोंड पाहिलेलं असतं, कापसाची गाडी जिनिंगकडे जाताना पाहिलेली असते. पण अंगातला सदरा उभ्या-आडव्या धाग्यांचा बनतो, हे हाताने कळण्याची सोय त्यांना कुणी केलेली नाही. पीक आपलं, कापड दुसऱ्याचं, हे त्यांना जन्मतःच मान्य करायला लावलं आहे.

‘यानं पोट भरणार आहे का?’ असं विचारलं जाईलच. नाही भरणार. एका आसनाला जेवढा वेळ जातो, त्याची मजुरी बाजार देत नाही. म्हणूनच चार तासांचं प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि पाहुण्यांसोबत फोटो एवढ्यावर बायकांना ‘स्वावलंबी’ ठरवण्याचा उद्योग थांबवा. चिंध्यांचं विणकाम हे ज्ञान आहे. त्यात सम-विषम आहे, माप आहे, ताण आहे. ते शाळेत, हंगामी वसतिगृहात गणितासारखं शिकवा.

आणि शिकवायला गावातलीच गोधडी शिवणारी, बाज विणणारी बाई बोलवा. तिला नारळ-शाल देऊन बोळवण करू नका. तासाचे पैसे द्या. तिच्या हातातलं काम टाकाऊ नाही, हे मुलांना त्याशिवाय पटायचं नाही.