प्रोजेक्ट, मिलो आणि आई

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, इतिहासाचा प्रोजेक्ट आहे, १९७२चा दुष्काळ. नेटवरून चित्रं काढून देशील का गं?"

शाळेतला प्रोजेक्ट म्हणजे काय, ते आता घरोघरी ठाऊक आहे. चित्रं आणायची, कापायची, चिकटवायची, वर स्केचपेनची नक्षी. त्यातलं निम्मं काम आयांचं! मी म्हटलं, चित्रं राहू दे, आजीला विचार.

माझी आई बीडकडची. त्या वर्षी ती पंधरा वर्षांची होती. भाचीनं वही उघडली आणि आई बोलत सुटली. पाझर तलावाचं काम, डोक्यावर मातीची घमेली, खडी फोडून सोललेले हात, दुपारची सुकडी, अमेरिकेतून आलेला लाल मिलो... आणि मध्येच सहज म्हणाली, "शाळा सुटली ती तेव्हाच."

आम्हा दोघी बहिणींना हे माहीतच नव्हतं. आईला शिकायचं नव्हतं, असंच आम्ही धरून चाललो होतो. चाळीस वर्षांत एकदाही विचारलं नाही.

पुढची गंमत म्हणजे, आई म्हणते मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे. मामा म्हणतो, झकास लागायची! भाचीनं विचारलं, मग खरं कोण बोलतंय? मामा तेव्हा सहा वर्षांचा, भुकेला. आईला ती भाकरी थापावी लागायची. दोघंही खरंच बोलत होते. हे कळणं म्हणजेच इतिहास शिकणं नाही का? आणि मग पुस्तकातली 'रोजगार हमी कायदा, १९७७' ही ओळ तिला पाठ करावी लागली नाही. तो कायदा कुठून आला, ते तिनं आजीच्या तोंडून ऐकलं होतं.

बाईंनी दहापैकी सहा गुण दिले. चित्रं नव्हती ना! बाईंचा तरी काय दोष? एका वर्गात साठ मुलं, साठ वह्या कधी वाचणार? पण मग सगळ्या वर्गाला मिळून एकच प्रश्न द्यावा. प्रत्येकानं दोन माणसांना विचारावं आणि कुठे जुळत नाही ते वर्गात बोलावं. खर्च शून्य, थर्माकोलही नको.

असो. भाची आता मामाकडे निघाली आहे, वही घेऊन. तुमच्याही घरात सत्तरीतलं कुणी असेल. विचारलंय कधी?