स्टेपनी राहू द्या

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर हे दृश्य हमखास दिसतं. मागचं उजवं चाक बसलेलं, गाडी जॅकवर, आणि गृहस्थ वाहतुकीकडे पाठ करून उकिडवे बसून नट सोडवताहेत. पान्यावर जोर दिला की अर्धं अंग शेजारच्या लेनमध्ये. तिथून गाड्या शंभरच्या वेगाने जातात, म्हणजे सेकंदाला २८ मीटर. मुलं गाडीतच, कारण बाहेर ऊन आहे.

स्वतः चाक बदलता येणं ही आपल्याकडे मर्दुमकी मानली जाते. गावच्या रस्त्यावर ती जरूर दाखवावी. इथे नाही. आपला चालक उजवीकडे बसतो आणि गाडी डावीकडे थांबते. म्हणजे उजवं चाक कायम वाहतुकीच्या तोंडाशी. ते तिथे बदलूच नये. टायर फुटला तर ब्रेकवर उभं राहू नये, स्टिअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडावा, वेग आपसूक उतरला की डावीकडे सरकावं. जागा अडचणीची असेल तर बसलेल्या चाकावरच हळूहळू पुढे रुंद जागेपर्यंत जावं. रिम जाईल. जाऊ द्यावी.

गंमत म्हणजे मूळची स्टेपनी याच विचाराची होती. वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून हे नाव आलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे निघालेली ती हवा भरलेली धाव पंक्चर चाकावरच अडकवायची आणि पुढे निघायचं. चाक काढण्याची भानगडच नाही.

गाडी थांबली की सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरावं, लोखंडी कठड्यापलीकडे जावं, आणि गाडीच्या पुढे नव्हे, मागच्या अंगाला उभं राहावं. कुणी धडकलंच तर गाडी पुढे ढकलली जाते. मग फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतरत्र ११२. किलोमीटरचा दगड वाचून ठिकाण सांगावं. टोल भरलाय, क्रेन मागायला लाजायचं कशाला?

पण मागून येणाऱ्याला कळणार कसं? चारही दिवे लुकलुकवून? ते तर आपण भाताणच्या बोगद्यात, पहिल्या पावसात, घाटातल्या धुक्यात, चालत्या गाडीला लावून ठेवतो. लुकलुकणारी गाडी थांबलेली आहे की धावतेय, हे ओळखण्याची सोयच आपण घालवून बसलो. शोल्डर लेनचंही तेच. ती बिघडलेल्या गाडीसाठी. तिथे धबधब्यासोबत सेल्फी चालतात. आणि नव्या गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण डिकीत अजून प्लॅस्टिकमध्येच असतो. कुणी काढलाच तर गाडीपासून दहा पावलांवर ठेवतो. शंभरच्या वेगात ते अंतर सेकंदाच्या आत संपतं. तो पन्नासेक मीटर मागे हवा, आणि तिथवर कठड्यापलीकडून चालत जायला हवं.

ट्रकवाल्यांना आपण नावं ठेवतो, पण ते निदान लांबपासून दगड आणि झाडाच्या फांद्या मांडत येतात. त्रिकोण नसेना, इशारा तर असतो. दुरुस्ती झाली की ट्रक जातो. फांद्या वाऱ्याने उडतात. दगड मात्र लेनमध्येच राहतात, रात्रीच्या पुढच्या टायरसाठी.