बारा तासांची पाळी आणि पंधरा हजारांचा हिशेब

3 सप्टेंबर 2025 रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखाना कायद्यातल्या बदलांना मान्यता दिली, तेव्हापासून देहूरोड ते चाकण या पट्ट्यात चर्चा एकाच आकड्यावर अडकली आहे. रोजचे तास नऊवरून बारा. अर्ध्या तासाची विश्रांती पाचऐवजी सहा तासांनी. तिमाहीचा ओव्हरटाइम 115 वरून 144 तास, तोही कामगाराच्या लेखी संमतीने. कोण बाजूने, कोण विरोधात, हे सगळ्यांना पाठ आहे. पुढे 21 नोव्हेंबरला कामगार संहिता लागू झाल्या, 1923 चा कर्मचारी भरपाई कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि राज्याच्या नियमांना महत्त्व आले. या सगळ्यात जखमी कामगाराच्या हातात किती पैसे पडणार आणि केव्हा, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. एचआर, कल्याण अधिकारी, युनियनचे कार्यकर्ते आणि वकील अशा आपण सर्वांनी ते विचारायला हवे.

देहूरोडहून तळवडे, निघोजेमार्गे महाळुंग्याला जाणारा, ठेकेदाराकडचा पंचवीस वर्षांचा प्रेस ऑपरेटर डोळ्यांसमोर आणा. ईएसआयमध्ये नाव नाही. पॉवर प्रेसवर तर्जनी मुळापासून गेली. परिशिष्टाप्रमाणे कमावण्याची क्षमता 14 टक्क्यांनी घटली. ओव्हरटाइम धरून महिन्याला 24 हजार मिळत होते, पण जानेवारी 2020 च्या केंद्राच्या अधिसूचनेतल्या मासिक वेतनमर्यादेमुळे हिशेब 15 हजारांवर थांबतो. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले वयाचा गुणक 216.91, त्याचे 14 टक्के: साधारण 2 लाख 73 हजार रुपये. खऱ्या कमाईवर हीच रक्कम 4 लाख 37 हजार झाली असती. बोट एकच, जन्माचे नुकसान तेच, आणि दीड लाखाच्या वर रक्कम केवळ मर्यादेने कापली.

मर्यादा उद्या वाढली तरी प्रश्न सुटत नाही. संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येतून ओव्हरटाइम वगळला आहे. वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तरच वरची रक्कम वेतनात परत येते. म्हणजे तास वाढवून जी कमाई वाढणार, ती भरपाईच्या हिशेबात बहुधा येणारच नाही. जोखीम मात्र पुरती वाढेल. अकराव्या तासाला डायमध्ये हात घालणाऱ्याचे लक्ष पहिल्या तासाइतके राहत नाही, हे कोणत्याही शॉप फ्लोअरवरचा सुपरवायझर सांगेल.

संहिता लागू होण्याआधी ईएसआयमध्ये ओव्हरटाइमवरही वर्गणी कापली जायची, त्यामुळे तिथे लाभ कमाईच्या जवळ जायचा. कामावर घेतल्याच्या दिवशीच तिथे नोंदणी होणे आजही फार मोलाचे आहे. बोट तुटल्यावर धावपळ करून कार्ड काढण्याची रीत वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत किती रुजली आहे, हे ‘सेफ इन इंडिया’ या संस्थेने आपल्या ‘क्रश्ड’ अहवालांत वारंवार दाखवले आहे.

बारा तासांची पाळी संपवून रात्री तळेगाव-चाकण रस्त्याने दुचाकीवर घरी निघालेल्या माणसाचे काय? इथे कायदा कामगाराच्या बाजूने पुढे सरकला आहे. धाराशिव भागातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार 2003 मध्ये पहाटेच्या पाळीवर जाताना अपघातात गेला. कमिशनरने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली. प्रवास आणि नोकरी यांचा वेळ, जागा व परिस्थितीने संबंध जुळत असेल, तर तो अपघात कामातलाच. संहितेतही आता ही तरतूद आहे. पण त्या घराला बावीस वर्षे थांबावे लागले, आणि माझ्या मते खरा रोग तिथे आहे.

कायद्याने भरपाई महिन्याभरात देय होते. उशीर झाला तर 12 टक्के व्याज, सबळ कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. तरीही हॉस्पिटलच्या आवारात स्टॅम्प पेपरवर ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असे लिहून घेतले जाते. अशा कागदाला कायद्यात किंमत नाही, आणि मृत्यूची भरपाई परस्पर देऊन चालत नाही, ती प्राधिकाऱ्याकडेच भरावी लागते. हे आपल्या ठेकेदारांना सांगणे कंपनीतल्या एचआरचे काम आहे, कारण ठेकेदाराने हात वर केले तर मूळ मालकाला पैसे द्यावे लागतात.

सर्वांत अवघड प्रकरण पगारपत्रकच नसलेल्या शेडचे. 8 डिसेंबर 2023 रोजी तळवड्यात केकवरच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या विनापरवाना कारखान्यात आग लागली. मृत्युमुखी पडलेल्यांत बहुतेक महिला होत्या. अशा ठिकाणी कामावर होते आणि इतका पगार होता, हे सिद्ध करण्याचा भार मागे राहिलेल्या घरावर पडतो.

वेतनाची मर्यादा केंद्राच्या हातात आहे, पण सक्षम प्राधिकारी राज्य नेमते. त्यामुळे आपले म्हणणे मुंबईला लेखी पाठवताना तीन गोष्टींवर जोर द्यावा. प्राधिकारी न्यायिक अनुभवाचा असावा आणि पिंपरी-चिंचवडमध्ये बसावा. दाव्याच्या निकालाला दिवसांची मुदत असावी. आणि नोंद नसेल तिथे त्या कामाचे किमान वेतन गृहीत धरून हिशेब सुरू व्हावा. त्याहून कमी होते, हे मालकाने सिद्ध करावे.